उलट्या अक्षरांची चादर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. जानेवारीच्या बैठकीत चनबसप्पा हत्तुरे उठून उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "चौदा वर्षं झाली. आता ग्रुप कुणीतरी तरुणानं सांभाळावा. माझं वय झालं की."

वय झालं होतं अठ्ठावन्न. मनातला बेत सोपा होता. आपण असं म्हणायचं, मग सगळ्यांनी 'अप्पा, असं कसं म्हणताय' म्हणून कालवा करायचा, दोघातिघांनी हात जोडायचे, आणि आपण नाइलाजानं, अगदी नाइलाजानं, आणखी दोन वर्षं खुर्चीत बसायचं. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. त्याच्या आधीही असंच झालं होतं. यंदा मात्र कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चाळीसच्या चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, "काव्या मॅडमना करा की!"

"व्हय व्हय, काव्या मॅडमच!" दुसऱ्यानं री ओढली.

चनबसप्पा हसले. काय करणार बिचारे? चाळीस माणसांसमोर हसण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. ग्रुपची सूत्रं एप्रिलच्या बैठकीत काव्याच्या हाती द्यायची असं ठरलं, आणि सगळे चहाला खाली उतरले.

हा ग्रुप म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. सोलापुरात चादरी आणि टॉवेलांची नक्षी कॉम्प्युटरवर काढणारी माणसं आहेत. सगळे एकच सॉफ्टवेअर वापरतात आणि सगळे त्याच त्याच ठिकाणी अडतात. चौदा वर्षांपूर्वी अशा चौघांना गोळा करून चनबसप्पांनी बैठक सुरू केली. महिन्याचा दुसरा रविवार, सात रस्त्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासचा वरचा हॉल. चाराचे चाळीस झाले. कुणाचं फूल मागावर चपटं निघालं, कुणाच्या मोराला पाय फुटले, की सगळे चनबसप्पांना फोन लावायचे. जेवताना फोन, लग्नात फोन, एकदा तर सिद्धेश्वराच्या देवळात रांगेत उभे असताना फोन. चनबसप्पा वैतागल्याचं सोंग करायचे आणि मनातून फुलून यायचे.

ग्रुपची एक रीत होती आणि ती त्यांनीच घालून दिली होती. बैठक सुरू होताना प्रमुखानं स्वतःच्या चुकीच्या कापडाचा तुकडा टेबलावर ठेवायचा. आधी आपली चूक मांडायची, मगच दुसऱ्याच्या कापडाला भिंग लावायचं. भिंग म्हणजे धागे मोजायचं पितळी घडीचं भिंग. ते चनबसप्पांच्या वडिलांचं, हातमागाच्या काळातलं. पुढंपुढं ते ग्रुपचंच होऊन गेलं. ज्याच्या हातात भिंग, तो प्रमुख. गेली पाचसहा वर्षं मात्र चनबसप्पा टेबलावर तेच तीन जुने तुकडे आलटूनपालटून ठेवत होते. नव्या चुका आपल्या हातून होतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कुणी काही बोलत नसे.

आता काव्याबद्दल. काव्या ढवळे, वय एकोणतीस, टेंभुर्णीची. वडिलांचं तिथं हायवेला पंक्चरचं दुकान. टेक्सटाइलचा डिप्लोमा करून सहा वर्षांपूर्वी ती चनबसप्पांकडे शिकायला आली, तेव्हा तिला ताणा कुठला आणि बाणा कुठला हे पुस्तकातून ठाऊक होतं, बोटांना ठाऊक नव्हतं. चनबसप्पांनी तिची बोटं धरून शिकवलं. पहिल्या दिवशी पहिला नियम सांगितला, "कापड मागावर कुठल्या तोंडानं निघतं, हे विचारल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही. काही माग कापड पालथं विणतात, म्हणजे दर्शनी बाजू खाली, काही उताणं. पालथ्या मागासाठी अक्षरं आधी उलटवायला लागतात, उताण्यासाठी नाही. चुकलीस तर देवाचं नाव पण उलटं निघंल." तिनं वहीत लिहून घेतलं होतं.

तिची प्रगती झाली याचा चनबसप्पांना आनंद होता. तीन वर्षं होता. मग एकदा ते एका कारखान्यात गेले असताना तिथला पोरगा सहज बोलून गेला, "हे काव्या मॅडमनी फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, अप्पा." तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं चांगलं पोसलं गेलं. आपला फोन दिवसातून किती वेळा वाजतो आणि तिचा किती, याकडे ते लक्ष ठेवू लागले. ती बोलताना मधूनच आपलेच शब्द वापरते हे त्यांना आधी गोड वाटायचं, आता चोरी वाटू लागलं. ती समोर नसली की 'पोरगी हुशार आहे, पण घाई फार' असं सांगायचे. घाई ती कधीच करत नसे, आणि हे त्यांनाही माहीत होतं. जळणाऱ्या माणसाला काहीतरी तोंडात लागतं, म्हणून ते म्हणत.

त्यात फेब्रुवारीत ते चादरीचं झालं.

टेंभुर्णीच्या एका शाळेला पन्नास वर्षं होत होती. पाहुण्यांना द्यायला शाळेनं दोनशे चादरी मागवल्या होत्या. मरून जमीन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत शाळेचं नाव. काम अक्कलकोट रोडच्या प्रभुशेटच्या कारखान्यात होतं आणि नक्षी चनबसप्पांकडे. आपली सोलापुरी चादर दुपदरी असते हे आपल्याला माहीत आहेच. एका बाजूला मरूनवर पांढरं, उलटी केली की पांढऱ्यावर मरून. प्रभुशेटनं दिवाळीत जुने माग काढून नवे घेतले होते. जुने माग कापड पालथं विणायचे, नवे उताणं विणत होते. चनबसप्पांनी विचारलं नाही. वीस वर्षांचा हात, जुन्या सवयीनं अक्षरं उलटवली आणि फाईल पाठवून ते हुबळीला भाच्याच्या लग्नाला गेले.

दोनशे चादरी विणून झाल्या. मरून बाजू वर केली की शाळेचं नाव उलटं. नाव सुलट वाचायला चादर फिरवावी तर रंग उलटे. शाळेच्या नावाची अशी दशा की आरशात धरल्याशिवाय वाचता येईना.

प्रभुशेटचा फोन आला तेव्हा मांडवात वाजंत्री चालली होती. चनबसप्पांना एका क्षणात सगळं कळलं. आपण कुठं चुकलो, ते बटण, ती वेळ, बाजूला ठेवलेला चहाचा कप, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि तोंडातून भलतंच निघून गेलं. "माझी फाईल बरोबर हाय, शेट. मागाच्या कंट्रोलरवर पण उलटवायचं बटण असतंय की. सयाजीनं दाबलं असंल. नवा माग हाय, अजून हात बसला नसंल त्याचा."

सयाजी म्हणजे होटगीचा सयाजी, प्रभुशेटकडे वीस वर्षं माग चालवणारा. प्रभुशेटनं त्याला त्याच दिवशी नव्या मागावरून काढला आणि मागच्या शेडमधल्या जुन्या नॅपकिनच्या मागावर उभा केला. चादरी पुन्हा विणून वेळेत शाळेत पोचल्या. बात मिटली, असं चनबसप्पांनी स्वतःला सांगितलं. सांगितलं रोज. मिटलेली बात कुणी रोज सांगतं का?

एप्रिलच्या बैठकीला प्रभुशेटना पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं होतं. निमंत्रण द्यायला चनबसप्पा गुरुवारी कारखान्यात गेले. चहा आला. प्रभुशेट सहज म्हणाले, "तुमची काव्या लई कामाची पोरगी हाय बरं का, अप्पा. तुमी हुबळीला होता ना, तवा तिलाच बोलावलं मी. तिनं रातोरात फाईल नीट करून दिली. तिच्या गावची शाळा, हेडमास्तरांना पण तिनंच समजावलं."

चनबसप्पांनी कप खाली ठेवला. "फाईल? कुठली फाईल?"

"तुमचीच की. तीच दुरुस्त केली."

म्हणजे तिनं फाईल उघडली होती. उघडली म्हणजे पहिल्याच नजरेत तिला दिसलं असणार की अक्षरं फाईलमध्येच उलटी आहेत, मागावर नाही. चनबसप्पांनी जपून विचारलं, "मग काय म्हणाली ती? चूक कुणाची म्हणाली?"

"काय न्हाई म्हणाली. गप काम केलं आन् गेली."

दोन महिने तिला माहीत होतं. दोन महिन्यांत दोन बैठका झाल्या, ती समोरच्या खुर्चीवर बसून वहीत लिहीत होती, आणि तिनं चकार शब्द काढला नाही. का काढला नाही? चोराच्या मनात चांदणं. चनबसप्पांना एकच उत्तर सुचलं. ती राखून ठेवतेय. रविवारी, खुर्ची हातात आली की, सगळ्यांसमोर काढणार. तिच्या जागी ते असते तर त्यांनी तेच केलं असतं.

बाहेर पडताना मागच्या शेडजवळ सयाजी भेटला. डोक्यावरून, भुवयांवरून कापसाची भुरी. त्यानं हात जोडले.

"बरं चाललंय का, सयाजी?" चनबसप्पांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"चाललंय की, अप्पा. हितं खडखड लई हाय, कान बसत्यात. पर माझीच चूक, काय करणार? म्या तर ते बटण दाबल्याचं मला आठवत न्हाई बगा. पर तुमी म्हणालासा म्हंजे दाबलंच असंल की. तुमी कशाला खोटं बोलशीला?"

चनबसप्पा गाडीवर बसले. सात रस्त्याला सिग्नल हिरवा झाला तरी ते उभेच राहिले, मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा भानावर आले. सयाजीशी जे केलं त्याची त्यांना लाज वाटत होती हे खरं. पण खोटं कशाला सांगा, लाजेपेक्षा काव्याचा राग जास्त होता. आपलं गुपित तिच्या मुठीत आहे, आणि मूठ उघडायची की झाकायची हे ती ठरवणार. गुरू आपण की ती?

रविवारी सकाळी ते खोलीत बसून एक खोकं रंगीत कागदात गुंडाळत होते. बायको चंद्रव्वा भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली. "काय ते?"

"भिंग. काव्याला द्यायचं."

"हे तर नवीन दिसतंय. पितळेचं जुनं कुटं हाय?"

चनबसप्पांचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. चंद्रव्वानं बघायचं ते बघितलं. "अय्यो! सुनेला किल्ल्यांचा जुडगा द्यायचा आन् तिजोरीची किल्ली कमरेलाच ठेवायची, तसलं झालं की हे."

"ते माझ्या वडिलांचं हाय."

"व्हय, आन् चौदा वर्षं सगळ्यास्नी ग्रुपचं ग्रुपचं म्हणून सांगितलासा, ते कुणाच्या वडिलांचं?"

"साकु बिडरी," चनबसप्पा म्हणाले. पुरे कर, असं त्यांना म्हणायचं असलं की ते कानडीत शिरत. चंद्रव्वा हसत स्वयंपाकघरात गेली.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत प्रभुशेट. मागच्या भिंतीला टेकून, धुतलेला पांढरा शर्ट घालून, सयाजी उभा होता. त्याला बघून चनबसप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. माग चालवणारे या बैठकीला कधी येत नसत.

"त्याला कुणी बोलावलं?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"काव्या मॅडमनी."

झालं. आता शंका उरली नाही. साक्षीदारासकट तयारी करून आलीय.

सत्कार झाला. शाल, नारळ, हार. चनबसप्पा चार शब्द बोलले. त्यांना नंतर त्यातला एकही आठवला नाही. मग त्यांनी रंगीत कागदातलं खोकं काव्याच्या हाती दिलं. तिनं ते उघडलं, आत चकचकीत नवं भिंग. तिनं एकदा भिंगाकडे बघितलं, एकदा चनबसप्पांकडे. "छान आहे, सर," ती म्हणाली आणि वाकून पाया पडली. चनबसप्पांनी आशीर्वाद पुटपुटला. आतून अंगाचा तिळपापड होत होता, कारण पाया पडताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. असलं खोटं नाटक कुणाला जमतं?

"ग्रुपच्या रीतीप्रमाणे," काव्या म्हणाली, "आधी प्रमुखाची चूक."

तिनं पिशवीतून एक चादर काढली आणि टेबलावर पसरली. मरून जमीन. पांढरी, उलटी अक्षरं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या चौघांनी माना वाकड्या करून वाचायचा प्रयत्न केला. चनबसप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता, आता.

"ही टेंभुर्णीच्या शाळेची चादर," काव्या म्हणाली. "दोनशे अशा निघाल्या. फाईल सरांची होती, पण सर लग्नाच्या गडबडीत होते, म्हणून शेवटचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. अक्षरं मी उलटवली. प्रभुशेटनी नवे माग घेतलेत, ते कापड उताणं विणतात, हे मी विचारलंच नाही. सरांनी पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम मी मोडला. चूक माझी. सयाजीकाकांचा यात काहीएक दोष नाही. त्यांनी कुठलंही बटण दाबलेलं नाही. फाईल होती तशीच त्यांनी नीट विणली."

चनबसप्पांना ऐकू आलेलं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं ते सुटकेचं. छातीवरचा दगड उतरला. सुटलो! कुणाला काही कळणार नाही, कधीच नाही. त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली.

प्रभुशेटचा चेहरा मात्र लाल झाला होता. "म्हंजे दोन महिने गप बसलीस? आन् म्या हितं सयाजीला बोल लावला? बाई, तुझ्याकडं फाईल द्यायची का न्हाई, याचा आता मला इचार कराय लागंल."

"करा, शेट," काव्या म्हणाली. "पण काकांना उद्यापासून नव्या मागावर घ्या."

"घेतो की. त्याच्यात काय?"

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मानलं बुवा! पहिल्याच दिवशी, आन् एवढी मोठी चूक! याला म्हणायचं प्रमुख." दुसरा म्हणाला, "आता खरी रीत सुरू झाली बघा. नायतर आपलं तेच तीन तुकडे..." आणि टाळ्या. जानेवारीत वाजल्या त्याहून मोठ्या. हॉल दणाणला.

तेच तीन तुकडे.

चनबसप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खुर्ची तिला गेली, फोन तिला गेले, 'मॅडम मॅडम' तिला गेलं, ठीक. पण ही चादर? ही चूक त्यांची होती. वीस वर्षांच्या हाताची, पूर्ण, नगद, दोनशे चादरींची चूक. चौदा वर्षांत या टेबलावर एवढी दणदणीत चूक कुणी मांडली नव्हती. आणि त्या चुकीच्या टाळ्याही हिलाच? सुटकेबिटकेचं सगळं विसरून ते ताडकन उठले.

"थांबा!" ते ओरडले. "खोटं बोलतीय ती!"

काव्यानं झटकन मान वळवली. "सर, असू द्या..."

"काय असू द्या? ती चादर माझी हाय! चूक माझी हाय! हिनं माऊसला हात सुद्धा लावला न्हाई." ते टेबलाजवळ गेले. इतकी वर्षं कापड समोर आलं की जे करायचे तेच त्यांनी केलं. खिशात हात घातला, पितळी भिंग काढलं, घडी उघडून अक्षराच्या कडेवर ठेवलं आणि वाकले. "हे बघा. हितं या. ही वीण बघा. जमिनीची वीण नव्या मागाला धरून बरोबर बसलीय, ती कारखान्यात बसवलेली. रंग सुलट, अक्षर तेवढं उलट. मागावर बटण दाबलं असतं तर काठाची पट्टीसुद्धा उलटली असती. पट्टी सुलट हाय. म्हंजे अक्षरं फाईलमधीच उलटली. म्या उलटली. चहा पीत पीत उलटली. आन् फोन आल्यावर सयाजीचं नाव घेतलं."

शेवटचं वाक्य बोलून झालं तेव्हा त्यांना कळलं की आपण काय बोललो. ते सरळ झाले. सगळ्यांची नजर त्यांच्यावर नव्हती. त्यांच्या हातातल्या पितळी भिंगावर होती. मग काव्याच्या हातातल्या नव्या भिंगाकडे गेली. मग परत पितळी भिंगाकडे.

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसायला लागले. प्रभुशेट हसले नाहीत. त्यांनी फक्त एकदा वळून सयाजीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

चनबसप्पा हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले. वाट लांब नव्हती, चौदा खुर्च्यांची. सयाजी भिंतीला आणखी चिकटला.

"तू बटण दाबलं न्हाईस," चनबसप्पा म्हणाले. "तुला आठवत न्हाई ते बरोबरच हाय. म्या खोटं बोललो."

सयाजीनं त्यांच्याकडे बघितलं. "दोन म्हैने मी घरी बायकोला सांगत हुतो, अप्पा, की आता माझं डोस्कं चालंना झालंय," तो म्हणाला. "हात काय करत्यात ते डोस्क्यात ऱ्हाईना. लई भ्या वाटत हुतं." एवढंच बोलला. राग नाही, माफी नाही. चनबसप्पांना रागावलेला सयाजी परवडला असता.

बैठक नंतर दोन तास चालली. त्या चादरीवर इतके प्रश्न आले की चहा दोनदा मागवावा लागला. बहुतेक प्रश्न चनबसप्पांना होते, आणि कितीही नाही म्हटलं तरी त्यांना बरं वाटत होतं. जित्याची खोड.

सगळे पांगल्यावर काव्या कुलूप लावत होती. चनबसप्पा जिन्यात थांबले होते. त्यांनी पितळी भिंग पुढे केलं.

"हे घे. ते नवं मला दे परत."

तिनं नवं दिलं, जुनं घेतलं. घडी उघडली, मिटली.

"एक विचारू?" चनबसप्पा म्हणाले. "मी उठणार हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच केलंस. होय ना?" त्यांना ते होय हवं होतं. ती डाव खेळली असेल तर ती त्यांच्यासारखीच होती, आणि मग काही बिघडत नव्हतं.

"नाही, सर," काव्या म्हणाली. तिला प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "तुम्ही कधी उठाल असं मला वाटलंच नव्हतं."

"मग? मी बसून राहिलो असतो तर?"

"तर माझी चूक म्हणून राहिली असती. काकांना माग मिळाला असता की." तिनं कुलूप ओढून बघितलं. "चला, सर. तुम्हाला उशीर होईल."

ती पुढे उतरली. चनबसप्पा जिन्यातच उभे राहिले. तिच्या फोनचा हेवा करून झाला होता, तिच्या वयाचा, तिच्या बोटांचा, खुर्चीचा. ते सगळं त्यांनी कधीतरी तिला दिलेलं होतं, म्हणून त्या हेव्यात थोडी मालकी तरी होती. आत्ता जे तिनं इतक्या सहज सांगितलं, ते तिला त्यांनी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे ते कधी नव्हतंच. हा हेवा घरी नेऊन चंद्रव्वालाही सांगता येणार नव्हता.

नवं भिंग खिशात ठेवून ते जिना उतरू लागले.